नारळ हातात असेपर्यंत

२६ फेब्रुवारी १९९५, रविवार

टायरच्या एजंटने नव्या वर्षाला ही डायरी दिली होती, ती आजपर्यंत कोरी पडून होती. आज राग इतका आहे की तो माणसांवर काढूनही उरला. उरलेला इथे काढते.

सकाळी घाट उतरताना एक टँकर नाल्यात उलटला, माझ्या हॉटेलापासून हाकेच्या अंतरावर. आग्रा रोडवर टँकर उलटला की आमच्या गावाला एकच गोष्ट सुचते, डबे घ्या आणि पळा. मागे गोडेतेलाचा उलटला होता, तेव्हा गावाने होळीपर्यंत भजी खाल्ली. आजही बायका हंडे-कळशा घेऊन धावल्या. शेजारची ताईबाई सगळ्यांच्या पुढे. तिने कळशी बुडवली आणि किंचाळली. ॲसिड होतं. कोपरापर्यंत दोन्ही हात गेले बिचारीचे.

टँकरच्या मागे पाटी होती. इंग्रजीत, त्यावर चिखल. ती वाचून कोण शहाणं होणार होतं?

मग दोन्हीकडचे पोलीस आले. महाराष्ट्राच्या हद्दीचा दगड नेमका नाल्याच्या काठावर आहे. मध्यप्रदेशवाले म्हणाले, इंजन हमारे में है, टंकी आपके में. आमचे म्हणाले, गाडी घाटातून पडली, घाट तुमचा. दुपारपर्यंत हेच. ताईबाई माझ्या छपराखाली पाण्याच्या टाकीत हात बुडवून बसली होती. शेवटी मीच कांद्याच्या ट्रकमध्ये घालून तिला शिरपूरला नेलं.

संध्याकाळी मी तणतणत होते तर अभिमन म्हणाला, "अक्का, तू यामा पडू नको. टँकरवाला मोठा लोक शेत."

मोठे आहेत म्हणे. मी म्हटलं, "मंग ताईबाईना हात काय ल्हाना शेत?"

अभिमन माझा धाकटा भाऊ. माझे मालक सुरतेला लूमवर, घरी येणार दिवाळीपुरते. अभिमन मदतीला आला म्हणून हॉटेल चाललंय. पण स्वभावाने भित्रा.

९ मार्च

तालुक्याला जाऊन आले. तहसील कचेरीतले साहेब सभ्य होते, चहा पाजला. म्हणाले, "बाई, कोणत्या टँकरमध्ये काय आहे याच्या पाट्या लावायचा कायदा आहे. पण हा दोन राज्यांचा विषय. पत्रव्यवहार चालू आहे."

मी विचारलं, पाटी इंग्रजीत का? तर म्हणाले, रसायनांची नावं इंग्रजीतच असतात. मी म्हटलं, साहेब, भाजल्यावर माणूस मराठीत ओरडतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू चहा दिल्याचा पस्तावा होतोय.

१४ मार्च

वर घाटात बिजासनी मातेच्या देवळाशी गेंदाबाईचं नारळ-प्रसादाचं दुकान आहे. ती मध्यप्रदेशातली, मी महाराष्ट्रातली. आमची ओळख ड्रायव्हरांच्या तोंडून. ती त्यांच्याजवळ माझ्या शेवभाजीला नावं ठेवते आणि मी तिच्या नारळांना. आज एसटीने वर जाऊन पहिल्यांदा समोरासमोर बसलो. म्हातारी काटक आहे, तोंडाने माझ्यापेक्षा फाटकी. तिचा जावई अशाच एका टँकरच्या वासाने गेला म्हणे. कुणी सांगितलंच नाही आत काय होतं.

तिच्याकडे एक गोष्ट आहे, जी दोन्ही सरकारांकडे नाही. मातेला नारळ फोडल्याशिवाय एकही गाडी घाट उतरत नाही. ती म्हणाली, "हाथ में नारियल हो तब तक ड्राइवर झूठ नहीं बोलता बाई. बोलेगा तो पहले मोड पर माता देख लेगी."

मग विचारायचं तेव्हाच. नारळ हातात द्यायचा, विचारायचं काय भरलंय, आणि गाडीच्या आरशाला फडकं बांधायचं. पेटणारं असेल तर लाल, अंग भाजणारं असेल तर पिवळं, वासानेच मारणारं असेल तर काळं. उतरणाऱ्या गाड्या तिच्या, चढणाऱ्या माझ्या. चढणारेही वर मातेला फोडायचा नारळ माझ्याकडूनच घेतात. म्हणजे खाली गाडी पडली तर गावाला इंग्रजी यायची गरज नाही. डबे घेऊन धावायचं की उलट्या पायी पळायचं, हे फडकं सांगेल.

परवानगी कुणाची घ्यायची असं मी विचारलं. गेंदाबाई हसली. म्हणाली, देवीचं फडकं आहे, कोणता कलेक्टर सोडेल?

२ एप्रिल

गाडा रुळावर आला. पहिले काही दिवस ड्रायव्हर चेष्टा करायचे, "बाई ने दूसरा आरटीओ खोला है." आता स्वतःहून सांगतात. परवा एक सरदारजी फडकं सुटलं म्हणून परत आला. गावातल्या बायकांना तीन रंग पाठ झाले. हात बरे झालेली ताईबाई सगळ्या आळीला शिकवते, बोटं वाकडी राहिली आहेत तरी.

आज मला सगळ्यात बरं वाटलं ते अभिमनमुळे. म्हणाला, "अक्का, पेट्रोल अन् स्पिरिट एक नही. स्पिरिटले धवळं फडकं बांध ना."

खरंच की. स्पिरिटचे टँकर पुष्कळ येतात, साखर कारखान्याकडचे. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी विचारलं, तुले कसं सुचनं? तर म्हणे, माले बी डोकं शे ना. मी गेंदाबाईला निरोप पाठवला. आजपासून स्पिरिटला पांढरं. ज्याला मी भित्रा म्हणत होते तो माझ्या कामात एवढं लक्ष घालतो, हे लिहून ठेवायलाच हवं.

२ मे, आखाजी

अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी जातात, मी गेले नाही, हॉटेल कोण बघणार. झोक्याची गाणी इथूनच ऐकली. मायच आली भेटायला. अभिमनने मला धुळ्याहून जरीकाठी लुगडं आणलं, आणि मायला चांदीची जोडवी. माय म्हणाली, पोरगा मार्गी लागला. मीही कौतुक केलं. कष्टाळू झालाय हल्ली. ड्रायव्हर झोपले की त्यांच्या गाड्यांवर लक्ष ठेवायला मागच्या आवारातच झोपतो. मी म्हटलं, खाटेवर झोप, मच्छर खातील. ऐकत नाही. गावातला हिलाल असतो त्याच्या सोबतीला.

२० मे

तालुक्याचे साहेब स्वतः आले. यावेळी चहा मी पाजला. म्हणाले, "हे फडक्याचं बंद करा. रसायनाचं वर्गीकरण करण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? उद्या चूक झाली तर?"

मी म्हटलं, साहेब, तुमचा पत्रव्यवहार पोचला का वर? त्यांनी कप खाली ठेवला. मग मी म्हटलं, माझी चिठ्ठी वर जायला एक ट्रक लागतो. तोवर राहू द्या आमचं.

ते गेले. भीती वाटली नाही असं नाही. हॉटेलचं छप्पर सरकारी हद्दीत थोडं पुढे आलंय, ते त्यांना दिसलंच असेल. पण मी फडकी काढणार नाही. पाडायचं तर छप्पर पाडा.

९ जून

आज नवीन माल. गुजरातकडून इंदूरला चाललेला टँकर, ड्रायव्हर पोरसवदा. नारळ हातात घेऊन म्हणाला, मेथॅनॉल. मी हे नाव ऐकलेलं नव्हतं. म्हटलं, काय असतं? म्हणाला, "स्पिरिट जैसा ही है बाई. कारखाने में जाता है." वास घेऊन पाहिला, स्पिरिटचाच. पेटतंही तसंच, तो म्हणाला.

लाल बांधावं की पांढरं, थोडा विचार केला. वास स्पिरिटचा, म्हणून पांढरं बांधलं. नाव मात्र चार वेळा घोकून पाठ केलं, म्हणजे गेंदाबाईला सांगता येईल. गाडी गरम झाली होती, म्हणून आज मुक्काम आमच्याच आवारात. पहाटे घाट चढेल.

१० जून

आमचं काम किती पक्कं झालंय ते आज कळलं. दुपारी वरून उतरलेल्या ट्रकवाल्याने गेंदाबाईचा निरोप आणला. तिने त्या टँकरच्या क्लीनरला पुन्हा खोदून विचारलं. हे स्पिरिट नाही. दिसतं तसंच, पण एका घोटात डोळे जातात, दुसऱ्यात माणूस जातो. तिने पांढरं सोडून काळं बांधलं आणि मला कळवलं की पुढे चूक नको.

मला अगदी भरून आलं. सीमेच्या वर कळलं ते जेवायच्या वेळेपर्यंत सीमेच्या खाली कळलं. दोन राज्यांना हे जमलं नाही, दोन बायांना जमलं.

जेवताना अभिमनला सगळं सांगितलं. त्याने पहिला घास तोंडात घातला होता. तो तसाच उठला. हातही धुतला नाही. म्हणाला, सायकलमा हवा भरनी शे. आणि गावाकडे गेला तो जोरात. कळण्याची भाकरी, वर ठेचा, आवडीचं ताट टाकून. ऊन फार आहे, भूक मेली असेल. त्याचं ताट मी झाकून ठेवलंय.

१२ जून, धुळे

दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहितेय. अक्षर लागेल तसं लागो.

काल सकाळी गाव ओरडत आलं. हिलाल आणि त्याचा जोडीदार वना पोट धरून पडलेले, दोघांना दिसत नव्हतं. मी जीप मिळवली. अभिमन गोठ्यात बसलेला सापडला. त्यालाही गाडीत घातलं. रस्त्यात माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाला, "अक्का, दुपार शे ना? मंग धुकं कसं पडनं?"

बाहेर जून महिन्याचं रखरखीत ऊन होतं.

तेव्हा मला कळलं. पांढरं फडकं कुणाला हवं होतं, कशाला हवं होतं. आवारात कोण झोपत होतं. लुगडं कुठून आलं. मी बाकीच्या जगाला पाट्या वाचायला शिकवत होते आणि माझ्याच ताटासमोर बसलेल्याची पाटी मला वाचता आली नाही. त्याला मारावंसं वाटलं आणि पोटाशी धरावंसं वाटलं. पोटाशीच धरलं.

दवाखान्यात डॉक्टर एकच विचारत होते, काय प्यायलात? हिलाल म्हणाला मोहाची. वना म्हणाला मोहाची. अभिमनही म्हणाला, मोहाचीच. पलीकडे फौजदार उभा होता, त्याच्या भीतीने तिघेही ठाम. डॉक्टर वैतागले. म्हणाले, याच्यावर उतारा आहे, पण नक्की काय घेतलं ते कळल्याशिवाय मी अंधारात हात घालू शकत नाही, आणि प्रत्येक तासाला नजर जातेय.

अभिमनने माझा पदर घट्ट धरला होता. बोलू नको, असाच अर्थ.

मी बोलले. "मेथॅनॉल. टँकर माझ्या आवारात उभा होता. काढलं या माझ्या भावाने. पांढरं फडकं मी बांधलं होतं."

फौजदाराने मान वर केली. डॉक्टर धावले. नळीतून चांगली दारूच दिली त्यांना, हाच याचा उतारा असतो म्हणे.

हिलाल आज पहाटे गेला. त्याने सगळ्यात जास्त घेतली होती. वना वाचेल. अभिमनचा डावा डोळा गेला, उजव्याने अंधूक दिसेल.

१३ जून

ताईबाई दवाखान्यात भाकरी घेऊन आली. तिच्याकडून बाकीचं कळलं. दहा तारखेला गावातल्या चुडामणच्या पोरीची हळद होती. टँकरमधून काढलेले दोन कॅन अभिमनने हळदीसाठी पोचवले होते, सगळा गाव पिणार होता. अभिमन जेवण टाकून पळाला तो तिकडेच. भर मांडवातून उचलून त्याने दोन्ही कॅन उकिरड्यावर उपडे केले. चुडामणने त्याला सगळ्यांसमोर थोबाडलं. तरी काय होतं हे त्याने सांगितलं नाही. तो, हिलाल आणि वना आदल्या रात्रीच चव घेऊन बसले होते, तेही नाही.

म्हणजे गेंदाबाईच्या निरोपाने हळद वाचली. आणि तोंड बंद ठेवल्याने हिलालची सबंध रात्र वाया गेली. दोन्ही गोष्टी माझ्या भावाच्याच. मी त्याच्यावर कोणत्या तोंडाने रागावू आणि कोणत्या तोंडाने नको, मला कळत नाही.

२४ जून

विश्रामगृहात बैठक. दोन्हीकडचे साहेब पहिल्यांदा एका टेबलाला बसले. माणूस मेल्यावर सीमा लवकर सापडते. मला आणि गेंदाबाईला भिंतीशी खुर्च्या दिल्या.

तिच्याकडचे साहेब तिला म्हणाले, मृत्यू महाराष्ट्रात झालाय, तुम्ही कशाला आलात? ती म्हणाली, "साहब, नाला हमारे से निकलके इनके कुएँ में जाता है. पहले उसको रोको, फिर मेरे को रोकना."

आमच्या साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "या फडक्यांमुळेच चोराला माल सापडला. मी मेमध्येच बजावलं होतं."

खोटं नव्हतं ते. मी उठून म्हटलं, "हो साहेब, पांढऱ्याची चूक माझी. पांढरं मी जाळलं. यापुढे पिण्यासारखं काय ते आम्ही दाखवणार नाही, मारणारं काय तेवढंच दाखवू. पण नारळ देऊन मी नाव विचारलं नसतं तर डॉक्टरांना कुणी सांगितलं असतं? तुमच्या पाटीने? तिघे गेले असते. आणि वरून निरोप आला नसता तर आज तुम्हाला बैठकीला नाही, सरणाला यावं लागलं असतं."

आमच्या साहेबांनी शिपायाला चहा आणायला पाठवलं.

चहाच्या वेळी आमच्या साहेबांनी मला व्हरांड्यात घेतलं. आवाज एकदम मऊ. "बाई, भाऊ तुमचा आहे. जबाब पातळ करता येतो. टँकर कुणी खोलला हे तुम्हाला माहीत नाही, एवढंच म्हणा. बदल्यात हे फडक्यांचं थांबवा, आणि पाट्या कुणाला वाचता येत नाहीत असं पेपरवाल्यांना सांगत फिरू नका. पोरगा अर्धा आंधळा झालाय, तुरुंगात कशाला सडवता?"

माय व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी होती. तिला आधीच सांगितलं असणार. म्हणाली, "पमे, एकच भाऊ शे तुले. साहेबले हो म्हन."

खरंच लिहिते, हो म्हणावंसं वाटलं. तोंडात आलं होतं. मग खाली रस्त्याकडे पाहिलं, तर एक टँकर घाटाकडे चालला होता. आरशाला काही नाही. मी इथे बैठकीत होते ना.

मी साहेबांना म्हटलं, "माझ्या भावाला मीच पकडून दिलाय. आता तुम्ही मला आणखी कशाची भीती दाखवणार?"

माय माझ्याकडे न बघता निघून गेली.

३ जुलै

आज अभिमनला दवाखान्यातून थेट कोर्टात नेलं आणि तिथून धुळ्याच्याच तुरुंगात. मी दारात उभी होते. पोलिसांनी थोडं थांबू दिलं. त्याने उजवा डोळा बारीक करून मला शोधलं. म्हणाला, "तू मन्ही बहीन नही."

मी त्याच्या कपड्यांची पिशवी शिपायाच्या हातात दिली.

घरी येऊन हॉटेल उघडलं. संध्याकाळी सहा टँकर उभे होते. एकजण नारळ घेईना. म्हणे, तुझ्यामुळे आमच्या लोकांची चौकशी लागली. मी त्याच्या बंपरसमोर खाट टाकून बसले. बराच वेळ हॉर्न वाजवला त्याने. मग उतरला आणि सांगितलं. मेथॅनॉलच होतं. काळं बांधलं.

९ जुलै

तुरुंगात डबा घेऊन गेले होते. भरलेली वांगी आणि भाकरी. शिपाई आत नेऊन परत आला, डबा तसाच. म्हणाला, बाई, तुमचं नाव सांगितलं आणि त्याने तोंड फिरवलं.

गाव बोलत नाही. हिलालची बायको माझ्या दारावरून जाते तेव्हा थुंकते. तिचं बरोबर आहे. माय माहेरचं दार उघडत नाही. मालकांचं सुरतेहून पत्र आलं, हॉटेल विक आणि इकडे ये. मी लिहिलं, तुम्हीच या.

गेंदाबाईचा निरोप रोज येतो. आज तिने वरच्या नाक्यावरच्या हवालदारालाही नारळ धरायला लावला म्हणे, तोही आता ड्रायव्हरांना विचारतो. आमच्या नाक्याचा अजून विचारत नाही. विचारेल.

रडू येतं, नाही असं नाही. भाकरी थापताना येतं, कारण तेव्हा हात रिकामे नसतात आणि डोळे पुसता येत नाहीत.

पण तो म्हणाला म्हणून मी त्याची बहीण नाही, असं होत नाही. ते काही त्याच्या हातात नाही. उद्या सकाळी धुळ्याकडे जाणारा एक पिवळ्या फडक्याचा टँकर आहे, ड्रायव्हर पुढे बसवून घेतो म्हणाला. पुन्हा डबा नेणार. तो परत पाठवेल, मी परवा पुन्हा नेईन. बघू आधी कोण दमतं.